चाळीस शेअरचा मालक

९ ऑगस्ट, शनिवार. राखीपौर्णिमा.

सोजरा सोनाळ्याहून सकाळच्या बसने आली. राखी बांधली, पण ओवाळणीच्या साडीला हात लावला नाही. म्हणाली, "साडी नको भाऊ. माहा ज्ञानेश्वर तेथंच कामाले होता, एवढं त्या कंपनीच्या तोंडून वदवून दे."

ज्ञानेश्वर माझा भाचा. मार्चमध्ये प्लांटवर तेलाची टाकी धुवायला आत उतरला, तो वर आलाच नाही. कंपनी म्हणते, सदर इसम आमचा नाही, ठेकेदाराचा. ठेकेदार फोन उचलत नाही.

शब्द दिला. का नाही देणार? त्या कंपनीचे चाळीस शेअर माझ्या नावावर आहेत. म्हणजे मी मालक. मालकाने सभेत विचारलं की सांगावंच लागतं, आणि ते रेकॉर्डवर येतं.

११ ऑगस्ट

एजीएमची, म्हणजे भागधारकांच्या वार्षिक सभेची, नोटीस ईमेलवर आली. १० सप्टेंबर, ऑनलाइन. सोबत वार्षिक अहवाल, पानं ३१२. कॉर्पोरेट गव्हर्नन्सवर आख्खं प्रकरण आहे. पारदर्शकता, उत्तरदायित्व, नीतिमत्ता. वाचून ऊर भरून आला. अशा कंपनीकडून न्याय मिळणारच.

संकल्प: रोज वीस पानं.

१५ ऑगस्ट

शाळेत झेंडावंदन. सूत्रसंचालन अर्थात मीच. व्यासपीठावर सत्तावीस जण, एकाचंही नाव सुटलं नाही. नोकरीत असताना एकदाच संस्थेच्या उपाध्यक्षांचं नाव राहिलं होतं. भर पावसाळ्यात बदली. तेव्हापासून कानाला खडा.

अहवाल: पान ९ पर्यंत. सणवार.

१९ ऑगस्ट

चाळता चाळता थेट पान १८७. तक्ता. कामावर असताना झालेले मृत्यू. कर्मचारी: शून्य. कामगार: शून्य.

छपाईची चूक असणार. तीनशे पानांत एखादी व्हायचीच. चार वेळा वाचलं. सौ.ला दाखवलं नाही.

२० ऑगस्ट

जेवण गेलं नाही. ॲसिडिटी.

पोरगा इथे टायरच्या दुकानात बरा होता. मीच म्हटलं, काऊन टायर ठोकून राह्यला बे, लिमिटेड कंपनी आहे, बोर्ड आहे, ऑडिट आहे, तिथे माणसाला कोणी वाऱ्यावर सोडत नाही. तो हसला आणि गेला. मामाचं ऐकायचा. हे लिहायची काही गरज नव्हती.

२ सप्टेंबर

सभेत बोलण्यासाठी नाव नोंदवलं. प्रत्येकाला तीन मिनिटं. भरपूर झाली.

ज्ञानेश्वरची बायको अश्विनी आली होती. कंपनीने लेखी कबूल केलं तर बुलढाण्याच्या वकिलाला पुढे जाता येईल. तिने प्रश्न वहीच्या पानावर लिहूनच आणला: "१९ मार्चला टाकीत गेलेला ज्ञानेश्वर इंद्रभान तुमच्या गेटातून, तुमच्या कामाला आत गेला होता की नाही?" बस्स, एवढंच. म्हणाली, "मामाजी, पहिले हेच विचारजा. बाकीचं मंग."

मुलगी हुशार आहे, पण सभेचं शास्त्र तिला ठाऊक नाही. थेट प्रश्न म्हणजे अंगावर धावून जाणं. आधी वातावरणनिर्मिती करावी लागते. सौ. भाकरी थापता थापता म्हणाली, "भाषण नोका करू हो. सवाल इचारा." दोघींना समजावलं.

८ सप्टेंबर

भाषण तयार. हिंदीत, कारण पातळी राष्ट्रीय आहे. अकराही संचालकांची नावं पदव्यांसकट पाठ. आरशासमोर तालीम केली. सात मिनिटं लागली. प्रत्यक्षात जरा भरभर बोलायचं.

१० सप्टेंबर, सकाळी १०.४०

इस्त्रीचा शर्ट. कोट. अश्विनी लॅपटॉप घेऊन शेजारी. वहीचं पान कीबोर्डवर ठेवलंय. मन शांत.

दुपारी १२.५०

माझ्याआधी कलकत्त्याचे एक गृहस्थ बोलले. अहवालाची छपाई रंगीत आणि देखणी आहे म्हणाले. मग माझं नाव पुकारलं. आवाज खणखणीत लागला. माननीय अध्यक्ष महोदय, व्यवस्थापकीय संचालक, स्वतंत्र संचालक, सर्व अकरा. कंपनी सेक्रेटरी, ऑडिटर. मग एक शेर. मग ही कंपनी नसून कुटुंब आहे, हे वाक्य. अध्यक्षांनी मान हलवली, मी डोळ्यांनी पाहिलं. मग म्हटलं, आता मूळ मुद्द्याकडे वळतो.

माईक बंद झाला. पलीकडून बाई म्हणाल्या, थँक यू सर फॉर युवर काइंड वर्ड्स. पुढचे सभासद इंदूरचे.

वातावरणनिर्मिती मात्र पूर्ण झाली. प्रश्न ईमेलने पाठवतो.

अश्विनीने वहीचं पान घडी करून पर्समध्ये ठेवलं. म्हणाली, "सगळ्यायचे नाव घेतले मामाजी. ह्यायचंच नाव राह्यलं." चहा न घेता गेली.

सायंकाळी सोजराचा फोन. भाऊ, झालं का? झालं म्हटलं. नाव घेतलं? नेटवर्क नीट नाही म्हटलं.

१५ सप्टेंबर

ईमेलला उत्तर: या विषयाशी संबंधित व्यक्ती कंपनीच्या नोंदीत नाही. आपण सभेत व्यक्त केलेल्या सद्भावनेबद्दल संचालक मंडळ आभारी आहे.

पुढल्या वर्षी पहिल्याच वाक्यात विचारायचं. संकल्प.

२६ सप्टेंबर

सभेचा वृत्तांत कंपनीच्या वेबसाइटवर आला. स्टेशनजवळच्या दुकानातून माझं पान प्रिंट करून आणलं. अख्खं भाषण आहे. आता ते कायमचं रेकॉर्डवर राहील. ही कंपनी नसून कुटुंब आहे, हेसुद्धा.

पान कपाटात ठेवणार तोच सोजरा आली. सोबत अश्विनी. म्हणाली, "भाऊ, कागद आला म्हंतात. माह्या लेकाचं नाव कुठी हाय, बोट ठेव."

भाषण हिंदी, पण पान इंग्रजी अक्षरांत. सोजराला मराठीही वाचता येत नाही. मी अश्विनीकडे पाहिलं. ती खाली बघत होती. मी बोट ठेवलं. अध्यक्षांच्या नावावर.

सोजराने पदराला हात पुसले. त्या नावावरून बोटं फिरवली आणि ती कपाळाला लावली. म्हणाली, कागद फ्रेम करून फोटोपाशी लावते. मग माझ्या पाया पडली. थोरला भाऊ आहे मी.

 अश्विनीने कागद नीट गुंडाळला, वरून रबर लावलं, आणि सासूला घेऊन चारच्या बसने गेली.