विसळणारा आणि पुसणारी

मर्व्हिन,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही, म्हणूनच खरं लिहिते.

गावाच्या नियोजन समितीत मी एकतीस वर्षं फुकट राबले आणि तुझ्या एकूणएक ठरावाला आडवी आले. तू वैतागायचास, "मास्तरीणबाई, शाळा सुटली तुमची! आता माझे पेपर तपासणं सोडा की!"

नदीकाठची तुझी पायवाट तर मी चार वर्षं अडवली. कधी पुराचं कारण काढलं, कधी सापांचं, कधी मॅगपाय पक्ष्यांच्या घरट्यांचं. खरं कारण होतं आपल्या समितीची जुनी रीत. बैठक संपली की ठराव मांडणाऱ्याने चहाचे कप विसळायचे आणि विरोध करणाऱ्याने पुसायचे, म्हणजे भांडण हॉलमध्येच मिटतं. मला तुझ्या शेजारी फडकं घेऊन उभं राहायला आवडायचं, बस्स.

तू क्वीन्सलंडला लेकीकडे गेलास, आणि परवा माझ्या एकतीस वर्षांच्या सेवेखातर त्या पायवाटेला माझं नाव द्यायला निघाले सगळे. मी ताडकन उठले. "वाट मर्व्हिनची आहे. नाव त्याचंच लागेल, हा माझा ठराव!"

कुणीही विरोध केला नाही रे. अठरा कप मीच विसळले, मीच पुसले.

तुझी हक्काची विरोधक,
थेल्मा