धोंडुबाईंची तिसरी बाटली

४ नोव्हेंबर १९४६, सोमवार

डॉक्टर शालूबाईंनी आज मला अंड्याचा पांढरा बलक दिला! काचपट्टीवर पसरून, वाळवून, रंगवून — आणि म्हणतात कशा, "ही थुंकी. क्षयाचे जंतू शोध."

दोन तास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. तीनशे जागा पाहिल्या. घरी बाबांनी शिकवलं तेव्हापासूनची खोड — बेरीज वरून खाली केली की पुन्हा खालून वर. एकही जंतू नाही. रडवेली होऊन तसं लिहून दिलं. खाली "क्षमस्व" असंही लिहिलं.

शालूबाई खूप हसल्या. माझ्या आधीच्या शिकाऊ मुलीला त्याच अंड्यात अठरा जंतू सापडले होते म्हणे. ती कराडला परत गेली.

म्हणजे मी पास? विचारायचा धीर झाला नाही.

७ नोव्हेंबर

माझे उमेदवारीचे तीन महिने संपत आले. ठेवून घेतलं तर इथल्या प्रयोगशाळेत संशोधनाचं काम. नाहीतर सांगली सोडून तासगाव — आणि आत्याने हेरून ठेवलेला तो हळदीचा व्यापारी.

बायकांच्या वॉर्डातल्या धोंडुबाईंची थुंकी आज दुसऱ्यांदा तपासली. याही वेळी जंतू नाहीत. तीनदा नाही सापडले की रोग्याला घरी सोडतात, असा इथला नियम.

शालूबाईंनी धोंडुबाईंच्या छातीचा फोटो उजेडापुढे धरला. "फुप्फुसाला एवढं भोक! मग जंतू काय गावजेवणाला गेले?"

"बाई, मी तीनशे जागा —"

"तिसऱ्या बाटलीतही नाही सापडले तर दोघींपैकी एक घरी जाईल. ती, नाहीतर तू."

८ नोव्हेंबर

जेवले नाही.

९ नोव्हेंबर

बिराप्पाला विचारलं. तो जतकडचा. पंधरा वर्षं इथे बाटल्या गोळा करतो, काचपट्ट्या धुतो.

"बाई, तुमी त्या नळीतनं बघताय. जरा बाटलीत बघा की! ही काय थुंकी हाय व्हय? तोंड धुतल्यालं पानी हे."

खरंच की! नुसती लाळ! तीनशे जागा पाहिल्या, पण बाटलीकडे एकदाही पाहिलं नाही! हे बाबांना कळवू नये.

११ नोव्हेंबर

सकाळी सहालाच वॉर्डात गेले. धोंडुबाईंनी मिशरी लावली, चार चुळा भरल्या, पदराने ओठ टिपले, आणि मग बाटलीत चिमणी पिईल एवढं थुंकल्या.

"अहो, असं नाही! खोकून आतलं काढायचं!"

"आवं धाकट्या बाई, तुमी मला लेकीवानी. तुमच्याम्होरं घान कशी काढू? बरं दिसंल का?"

आता या रीतीला काय म्हणावं! मीच पोटावर हात दाबून, वाकून, खोकून दाखवलं. माझ्यामागे अख्खा वॉर्ड खोकायला लागला. शेजारच्या खाटेवरच्या रंगूबाई म्हणाल्या, "ह्या बाईला बी एक खाट द्या गं!" धोंडुबाई हसून हसून बेजार. पण बाटलीत पुन्हा लाळच.

ती बाटली धरायची नाही असं ठरवून ओतून टाकली. असं ठरवायचा मला अधिकार आहे का?

१२ नोव्हेंबर

"न्हाई यीत, बाई." बाटली रिकामी.

१३ नोव्हेंबर

पुन्हा रिकामी. शालूबाई म्हणाल्या, "उद्या काय येईल ते बघ आणि निकाल लिही."

छातीच्या फोटोत रोग दिसतोच आहे. "पाच-सहा सापडले" असं लिहिलं तर ते खोटं थोडंच? — मग ती अंड्यात अठरा शोधणारी मुलगी आठवली. नाही लिहिणार. बिराप्पाला म्हटलं, "माझी ट्रंक माळ्यावरून काढून ठेव."

"कुठं निघालासा?"

सांगितलं सगळं. तो उद्याची बाटली उचलून वॉर्डाकडे गेला.

१४ नोव्हेंबर

सापडले! सापडले! निळ्यावर लाल, बारीक काड्यांसारखे! पहिल्याच जागी सात! तरीही तीनशे जागा पाहिल्याच. शालूबाईंनी स्वतः पाहिलं. "राहा," एवढंच म्हणाल्या. दारातून वळून, "सोमवारी नवी मुलगी येतेय. तिला तू शिकवायचंस."

मी! शिकवायचं! धावत वॉर्डात जाऊन धोंडुबाईंना सांगितलं. त्यांनी माझ्यावरून हात ओवाळून बोटं मोडली.

१५ नोव्हेंबर

धोंडुबाईंनी पत्र लिहायला बोलावलं. रहिमतपूरला, लेकीला.

"लिवा — पयलं बाळंतपन हाय, सासूचं ऐक. म्या यीत न्हाई."

"तुम्ही जाणार होता?"

"व्हय की. तीनदा काय न्हाई घावलं की सोडत्यात, ठावं हाय मला."

"मग काल —"

"बिराप्पा म्हनला, न्हाई घावलं तर तुमास्नी हाकलून देत्यात." त्यांनी कागदाकडे बोट केलं. "लिवा की. थांबलासा का?"