सातवं नाव

राजेश्वर,
मंगळवार, १७ जून २०२५

प्रिय अंबाजी,

जय भीम.

तू बरा असशील. तुझ्या आईचे, चांगुणामावशींचे गुडघे कसे आहेत? उदगीरच्या डॉक्टरांकडे आईला नेणार म्हणाला होतास, पुढे काय झालं ते कळलं नाही. आमच्याकडे ठीक. तुझ्या वहिनीने, विजयश्रीने शिलाईचं काम वाढवलंय. थोरला भाऊ मला पेरणीला नेतो आणि बावीस वर्षं कारखान्यात काढलेला माणूस तिफणीच्या कुठल्या बाजूला उभा राहतो ते साऱ्या गल्लीला सांगतो. लोक हसतात, मीही हसतो.

फोन तू उचलत नाहीस. आठ वेळा केला, नवव्यांदा करायची लाज वाटली. म्हणून हे पत्र. पाकीट चिकटवून तुझ्या प्रियंकाजवळ देईन. 'पप्पांचे जुने कागद आहेत' असं तिला सांगेन. आणखी एक खोटं, पण ते लहान आहे.

प्रियंकाने माझं मोठं काम केलं. आपल्या औषध कारखान्याने फेब्रुवारीत तुम्हा सात जणांना कमी केलं, एप्रिलमध्ये मलाही केलं, हे तुझ्या कानावर आलंच असेल. त्यानंतर जिथे गेलो तिथे रेझ्युमे मागायला लागले. मला तर मामांनी गेटवर नेऊन उभं केलं होतं, तेवढ्यावर बावीस वर्षं निघाली. मग भालकीला स्टँडसमोर प्रियंकाच्या ऑनलाइन सेंटरवर गेलो. पोरीने खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. इतक्या मायेने 'काका' म्हणाली की माझ्या लक्षात आलं, तू घरी माझ्याबद्दल काही वाईट बोललेला नाहीस. त्यावरून मी धरून चाललो की तुला काही माहीतच नाही.

"काका, नुसतं सुपरवायझर लिहून भागत न्हाई," ती म्हणाली. "रोज काय काम करायचे, ते सांगा."

मी सांगत गेलो. कामगार खात्याच्या पत्रांना कन्नडात उत्तरं लिहिणे. दर महिन्याचा हजेरीचा अहवाल कन्नडात तयार करणे. तपासणीला आलेल्या साहेबांचे शेरे वाचून त्याप्रमाणे कागद करणे. ती टाइप करत होती आणि मी सांगत होतो. मधेच थांबून ती हसली. "पप्पा बी असलंच कायतरी लिहायचे की. पण त्यांच्या रेझ्युमेत काय घालू म्हणलं तर म्हनायलेत, हेल्पर लिही, बास."

मी चहाचा कप तोंडाला लावला. तो केव्हाच रिकामा झाला होता.

शेवटी भाषांचा रकाना आला. कन्नडसमोर तीन चौकोन होते, बोलणे, वाचणे आणि लिहिणे. "तिन्हीवर टिक करू न्हवं?" तिने विचारलं. मी मान हलवली.

अंबाजी, मला कन्नड किती येतं ते जगात फक्त तुला ठाऊक आहे. बोलायला लागलो तर हुमनाबादचा माणूसही मला आपला समजतो. पण गाव कर्नाटकात असलं तरी मी राजेश्वरच्या मराठी शाळेतला, कन्नडचे मास्तर आले तर आले. अक्षर म्हणून मला एक ओळखता येत नाही. कागद समोर आला की खिसे चाचपायचे, 'चष्मा घरी राहिला' म्हणायचं आणि कागद तुझ्याकडे सरकवायचा. तू वाचायचास, तू उत्तर लिहायचास, मी सही करायचो. अठरा वर्षं. हैदराबादहून आलेल्या एकाही मॅनेजरला पत्ता लागला नाही.

तो रेझ्युमे प्रियंकाने अफजलपूरकडच्या साखर कारखान्याला पाठवला. गाळप सुरू होण्याआधी त्यांना टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरीच्या कामाला, एक माणूस हवाय. एकच. तुझाही अर्ज तिने त्याच जागेसाठी टाकला होता, हे मला नंतर कळलं. मला बोलावणं आलं, तुला आलं नाही.

गेल्या शनिवारी गेलो. तिथले वीरभद्रप्पा साहेब सज्जन गृहस्थ. कन्नडात अर्धा तास गप्पा झाल्या, माझ्यावर खूश. मग टेबलावरून एक कागद उचलला आणि म्हणाले, हे कामगार खात्याचं पत्र आहे, वाचा आणि काय उत्तर द्याल ते सांगा.

माझी पाचावर धारण बसली. खिसे चाचपले. चष्मा घरी राहिला म्हणालो. त्यांनी काय करावं? स्वतःच्या डोळ्यांवरचा काढून माझ्या हातात दिला.

तो लावून मी कागदाकडे बघत राहिलो. अक्षरं मोठी झाली, ओळखीची झाली नाहीत. नंबर जुळत नाही साहेब, एवढंच कसंबसं म्हणालो. ते म्हणाले, हरकत नाही, तेवीस तारखेला, सोमवारी, स्वतःचा घेऊन या. माझ्यासमोर बसून एक उत्तर लिहा, की ऑर्डर घेऊनच जा.

तेव्हापासून जेवण उतरत नाही. विजयश्री विचारते, "कामून असं करायलाव, नोकरी तर लागल्यातच जमा हाय की." तिने शेजारी सांगूनही टाकलंय. मी तिला काय सांगू? रस्त्याने जाताना दुकानांच्या कन्नड पाट्या दिसल्या की मी मान खाली घालतो. मला भीती वाटते, अंबाजी. सोमवारी उघडा पडेन याची वाटते, आणि उघडा पडलो नाही तर रोज पडेन याची वाटते.

पत्र लिहायला बसलो तेव्हा तुला विनंती करणार होतो की चार दिवस मला अक्षरं शिकव. निदान एक उत्तर पाठ करून घे. तेवढं मागून पत्र संपवणार होतो. पण तुझं नाव लिहिलं आणि पुढचं लिहिल्याशिवाय राहवेना.

फेब्रुवारीत मॅनेजर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. तुमच्या सेक्शनमधले सात जण कमी करायचेत, नावं तुम्ही द्या, म्हणाले. सहा नावं मी तिथेच सांगितली. सातव्या जागी मला संगमेशचं नाव द्यायचं होतं, तो सगळ्यांत नवा. पण त्या आठवड्यात साहेबांनी दोनदा विचारलं होतं, हे सुरेख कन्नड अक्षर कोणाचं? मला वाटलं, अंबाजी इथे राहिला तर आज ना उद्या यांना कळणार की कामाचा माणूस कोण आणि नुसता सहीचा कोण. मी घरी आलो, मराठीत चिठ्ठी लिहिली आणि सातवं नाव तुझं घातलं. पाकीट बंद करून साहेबांच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी कामगार खात्याला द्यायची यादी कन्नडात होऊन सहीला आली. मी न वाचता सही केली.

तू गेल्यावर कामगार खात्याचं एक पत्र महिनाभर माझ्या खणात पडून राहिलं. एप्रिलमध्ये त्याचा जाब आला आणि मी बाहेर. करावं तसं भरावं म्हणतात, पण मी भरलं ते माझं. तुझं काय?

सोमवारी तू जा. मी बरोबर येतो. वीरभद्रप्पा साहेबांना माझ्या तोंडाने सांगतो की या रेझ्युमेत लिहिलेलं काम माझं नाही. आता लिहितोय तेव्हा हे सोपं वाटतंय. त्यांच्या दारात माझं धैर्य टिकेल की नाही, याची खात्री मला नाही आणि तुलाही नसणार.

तुझ्या आईला दंडवत. तुझ्या लेकीच्या नजरेला नजर द्यायची हिंमत नसलेला,

विलास


भालकी,
गुरुवार, १९ जून

विलास,

पत्र पोचलं. आईचे गुडघे तसेच आहेत. उदगीरला नेणं नोकरी गेल्यावर राहून गेलं.

तुझी ती मराठी चिठ्ठी मी पाहिली आहे. मॅनेजर साहेबांना ना मराठी वाचता येत होतं, ना कन्नड लिहिता. कन्नडातला कागद म्हटला की तो आपल्या टेबलावर यायचा, म्हणजे माझ्याकडे. शिपाई चिठ्ठी घेऊन आला आणि म्हणाला, "अण्णा, साहेबांनी ही यादी कन्नडात करून मागितलीया." यादी मीच केली. तुझं अक्षर मला लांबूनही कळतं.

सातव्या नावाला हात थांबला. घरी आई, लेक, डोक्यावर पत्र्याचं छप्पर. भीती तुला एकट्यालाच वाटते असं नाही. माझ्या नावाच्या जागी मी संगमेशचं नाव घालू शकलो असतो. तुझंही घालू शकलो असतो. तू सही केलीच असतीस. शेवटी होतं तसं उतरवलं. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. अठरा वर्षांत तुझ्या नावाने खोटा कागद कधी केला नव्हता, एवढंच.

तू फोन करत होतास तेव्हा मी मोबाइल हातात धरून बसलेला असायचो. उचलला असता तर काय बोललो असतो याची मला धास्ती होती.

प्रियंकाला मी काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. ते तुला करावं लागेल. रविवारी सेंटरवर ये. तिच्यासमोर बसून माझा रेझ्युमे नव्याने कर. मी काय काम करायचो ते तू सांग, ती टाइप करेल. ती काय म्हणेल ते ऐकून घे. उठून जाऊ नको.

सोमवारी पहाटेच्या गाडीने दोघं जाऊ. ते मला घेतील असं धरून चालू नको. आपल्या दोघांनाही हाकलून देतील, तेही होईल.

अठरा वर्षं कागद माझा आणि खाली सही तुझी, असं चाललं. हा कागद माझा आहे आणि खालची सहीही माझीच.

अंबाजी माणिक सोनकांबळे