एकोणिसावी खाट

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
येशूची स्तुती असो. अ. उ. आ.

तुझा जाडजूड लिफाफा मिळाला. संस्थेच्या कागदावर वरच्या बाजूला आता दोन इस्पितळं आणि पाच वृद्धसेवागृहं अशी सात नावं आहेत. अर्धं पान त्यातच संपतं. आम्ही तिघी सिस्टर बंद पडलेल्या शाळेत अकरा खाटा मांडून बसलो होतो, तेव्हा पत्र लिहायला जुन्या वह्यांची कोरी पानं फाडायचो. चार वर्षांपूर्वी तू कंपनी सोडून आमचा मुख्य व्यवस्थापक झालास आणि कामाला वेग आला, हे मी सगळ्यांना अभिमानानं सांगते. एवढं कौतुक पुरे. आता भांडते.

माझ्या दारासमोरची नवी इमारत साठ खाटांची. पंचवीस मार्चला बिशप येऊन आशीर्वाद देणार. त्याआधी अठरा जणांना आत घ्यायचं, असं तू लिहितोस. पण ड्यूटीच्या तक्त्यात दोन मजल्यांना मिळून एका पाळीत एकच नर्स आहे, आणि साठ झाले तरी दोनच. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. साठ जणांना कोण वळवणार? भिंती?

बाबा इथे माझ्याकडे, जुन्या घरात बरे आहेत. काल त्यांनी मला दुकानातलं गिऱ्हाईक समजून झग्याची बाही आखूड शिवली गेल्याचं सांगितलं. खरंच आखूड आहे. शिंप्याची नजर अजून शाबूत आहे, फक्त लेकीला ओळखत नाही. त्यांना सगळ्यात आधी नव्या इमारतीत हलवायचा तुझा हट्ट सोड.

माया आहेच, ती कामाच्या कागदांखाली दबू देऊ नकोस.
तुझी ताई


१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भांडलीस ते बरं झालं. गोड लिहिलं असतंस तर तुला ताप आलाय की काय, अशी काळजी वाटली असती.

तू म्हणतेस तो तक्ता मी पाहिला, आता माझी यादी पाहा. दोनशे चौदा माणसं जागेची वाट बघताहेत. गेल्या महिन्यात त्यातली तिघं वाट बघता बघताच गेली. एका निवृत्त शिक्षिकेची मुलगी मला दर सोमवारी फोन करते. आई शेगडी पेटती ठेवून विसरते, घराबाहेर पडून भरकटते, म्हणून कामावर जाताना ती आईला खोलीत ठेवून बाहेरून कुलूप लावते. हे ती अगदी सपाट आवाजात सांगते. मी तिला काय सांगू? ताईला अजून नर्स हव्यात, तोवर कुलूप लावत जा?

प्रशिक्षण संपवून नव्या मुली जूनमध्ये येतील. तोपर्यंत ओढून न्यावं लागेल. आहेत त्यांना सांभाळून दार लावून घेणं सोपं असतं, ताई. बाहेर उभं असलेलं माणूस तुला दिसत नाही, मला दिसतं.

बाबांचं नाव पहिलं राहील. मी बांधलेल्या घरात माझाच बाप राहणार नसेल, तर दुसऱ्यांनी का राहावं?

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा धाकटा


६ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आज थट्टा नाही. एक तारखेला अठरा जण नव्या इमारतीत आले. बाबांना मी अजून हलवलेलं नाही.

काल सकाळी तिथल्या नर्सनं बसवाल्या आजोबांना इन्सुलिन दिलं. हे आजोबा चाळीस वर्षं बस चालवायचे. जेवणाची गाडी आली की पाय आपोआप ब्रेकवर दाबतात. ती नर्स हे चार्टवर लिहिणार इतक्यात वरच्या मजल्यावरच्या मावशीनं हाक मारली, कुणीतरी पडलं होतं. ती धावली. मदतीला म्हणून माझ्याकडची नर्स गेली होती. तिनं चार्ट कोरा पाहिला आणि पुन्हा तेच इंजेक्शन दिलं. अकरा वाजता मी राऊंडला गेले तर आजोबा घामानं भिजलेले, हाकेला ओ नाही. ग्लुकोज लावलं, मोठ्या इस्पितळात नेलं. अजून शुद्धीवर नाहीत.

घटनेचा अहवाल मी कालच लिहिला. कारण : दोन मजल्यांना एक नर्स. आज तुझ्या कार्यालयातून तो परत आला, सोबत एक चिठ्ठी. कारणाच्या जागी ‘नर्सचा निष्काळजीपणा’ असं लिहून सही करावी. ती मुलगी तेवीस वर्षांची आहे. कालपासून पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही.

ही चिठ्ठी तुझ्या नजरेखालून गेली आहे का, एवढंच कळव.
ताई


९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चिठ्ठी मीच लिहिली.

मनुष्यबळ कमी असं कागदावर आलं, तर आरोग्य खात्याचे तपासनीस अख्ख्या इमारतीची परवानगी थांबवतील. मग पंचवीस तारीख विसर आणि दोनशे चौदा माणसंही विसर. शिवाय तिनं चार्टवर लिहिलं नाही, हे खोटं आहे का? मी तुला खोटं लिहायला सांगितलेलं नाही. दोन खऱ्या गोष्टींपैकी एक लिहायला सांगितली आहे.

मुलीला नोकरीवरून काढणार नाही, शब्द देतो. सही करून पाठव. बाबांना सोमवारी हलवावं, ही विनंती नाही.

आ. नम्र,
मुख्य व्यवस्थापक


११ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.; व्यवस्थापकांना आशीर्वाद द्यायची रीत मला माहीत नाही, म्हणून तुलाच लिहिते.

मूळ अहवाल माझ्या सहीनिशी आज तपासनीसांकडे पाठवला. एक प्रत आपल्या संस्थेच्या प्रमुख मदरना दिली. तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून त्याच टपालानं हे पत्र टाकते आहे. मदरना मी असंही लिहिलं की, माझं चुकलं असं वाटत असेल तर मला या जागेवरून हलवावं. सतरा वर्षं झाली, आवरायला एक पेटी पुरेल.

तुझी दोन खऱ्या गोष्टींची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. लहानपणी बरणी फुटली की तू असंच सांगायचास, बरणी फळीच्या काठावर होती. तेही खरंच असायचं.

दोनशे चौदा माणसं मला दिसत नाहीत असं समजू नकोस. मी सही केली तेव्हा ती खोलीतच होती.

बाबा आपल्या जागी आहेत. तू ये. ओरडायला आलास तरी ये.
तुझी ताई


२४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी गुरुवारी आलो होतो, ओरडायलाच. तू बसवाल्या आजोबांपाशी इस्पितळात होतीस. मी नव्या इमारतीत वाट बघत थांबलो, तेवढ्यात एका मावशीनं मला कुणाचा तरी नातेवाईक समजून खोलीत ओढलं. म्हणाली, नुसते काय उभे राहता, खांदे धरा. मी धरले. तिनं चादर बदलली, आजींची पाठ पुसली, मला दुसऱ्या खोलीत नेलं. तिसऱ्या खोलीनंतर मी भिंतीला टेकलो, तर म्हणाली की तुम्हाला सवय नाही, बसा जरा.

मग ती नर्स आली. मी कोण ते तिनं ओळखलं. तिचा डावा तळहात शाईनं भरला होता. कुणाला कोणतं इंजेक्शन किती वाजता दिलं, ते ती चार्टवर लिहिण्याआधी हातावर लिहून घेते. धावावं लागलं तरी हात बरोबर येतो, म्हणाली. वर मलाच सांगत होती की साहेब, तुमचं बरोबर आहे, चूक माझीच होती. मला तिच्यासमोर उभं राहवेना.

शुक्रवारच्या बैठकीत मदरना सांगितलं की चिठ्ठी माझी होती. राजीनामा त्यांनी घेतला नाही. म्हणाल्या, मोडलंस तिथेच बसून दुरुस्त कर. तपासनीसांचा हुकूम आला आहे : सात नर्स भरल्याशिवाय अठरावर एकही खाट नाही. उद्याचा समारंभ रद्द. मी हुकमाखाली एक ओळ घातली : एकोणिसावी खाट ताईच्या सहीशिवाय उघडणार नाही.

यादीतल्या सगळ्यांना मी स्वतः फोन करतो आहे. सोमवारी त्या शिक्षिकेच्या मुलीचा फोन आला नाही, म्हणून मीच केला. शिक्षिका शनिवारी गेल्या. मुलगी कामावर होती. खोलीला कुलूप होतं.

तुला दोष देत नाही. पण हे एकट्यानं बाळगणं जमत नाही.

माझ्यावरची माया तशीच ठेव.
तुझा धाकटा


२० जून

चि. धाकट्यास,
येशूची स्तुती असो. अ. उ. आ.

बसवाले आजोबा परत आले. उजवी बाजू लुळी, बोलणं गेलं. ती मुलगी त्यांना चमच्यानं भरवते. कुणाला हात लावू देत नाही.

शिक्षिकेच्या मुलीला मी पत्र लिहिलं होतं. ती रविवारी आली. तिनं एकच विचारलं, इमारत ठरल्या दिवसांत भरली असती तर आईला जागा मिळाली असती का. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? ती तासभर व्हरांड्यात बसली आणि चहा न घेता निघून गेली. मी फाटकापर्यंत मागे मागे गेले. तिनं वळून पाहिलं नाही, ते तिचं बरोबरच होतं. अहवालावरची ती सही मी आजही करीन, धाकट्या, पण हलक्या हातानं नाही.

तुझ्या सात नर्स आल्या. पंधरा दिवस मी त्यांना पिळून काढलं. एक रडली, एक माझ्याशी भांडली. भांडणारीला वरचा मजला दिला आहे. आता प्रत्येक पाळीत मजल्याला एक आणि दोन्हीकडे धावायला एक अशा तीन नर्स राहतील, आणि इंजेक्शन दोघींनी मिळून तपासायचं.

सकाळी चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना झाल्यावर एकोणिसाव्या खाटेच्या कागदावर सही केली. यादीतलं पहिलं नाव कोणाचं ते मी विचारलं नाही; बाबा माझ्याकडेच राहतील. गादी वाळवून घेतली, चादर मी स्वतः घातली, खिडकी उघडी ठेवली आहे. ज्यांचं असेल त्यांना उद्या दहा वाजता घेऊन ये. खांदे धरायला तूच लाग.

वाट पाहते.
तुझी ताई