नऊ जणींचं तपासणी टेबल

सोम., ६ जाने.
कल्पना महिना सुरू. प्रत्येक विभागाकडून पाच कल्पना, महिनाअखेरपर्यंत. माझ्याकडे प्रेस शॉप आणि तपासणी, म्हणजे दहा. सकाळी साठेसाहेबांनी (प्लँट हेड) मुंबईहून आणलेल्या ट्रेनरची ओळख करून दिली. त्याने सगळ्यांना डोळे मिटून एका अशक्य गोष्टीचा विचार करायला सांगितलं. सुपरवायझर भोईरदादा खरंच झोपले.
कल्पनांच्या पेटीत आजपर्यंत एक चिठ्ठी. पिंपावरच्या मगला साखळी लावावी. भोईरदादा म्हणाले, धरा ही एक, पुढच्या महिन्यात साखळीला कुलूप.

गुरु., ९ जाने.
तपासणी टेबलापाशी तासभर उभी राहिले. नऊ बायका, सगळ्या ठेकेदाराच्या, वैशाखरे गावाच्या पुढच्या एकाच वाडीतल्या. एकाच जीपने मुरबाडला येतात. काम: प्रेसवरून आलेला प्रत्येक वायसर (बोल्टखालची चकती) गेजमध्ये घालून जाडी बघायची. जाड डावीकडे, पातळ उजवीकडे, बरोबर तो मध्ये. दिवसभर.
कुणाला काही सुचतंय का, विचारलं. सगळ्यांचे हात चालूच. मग टोकाला बसणाऱ्या सुमन मेंगाळ, चाळिशीच्या, मान वर न करता: "सुचतंय तर लय. इचारलं कुनी?"

गुरु., १६ जाने.
सुमनताईंनी घरून एक वस्तू आणली. बांबूच्या दोन कामट्या उतरत्या बांधलेल्या, मध्ये फट, दोन्ही बाजूंना काठ. वायसर कडेवर उभा सोडला की घरंगळत जातो. फट वर अरुंद, खाली जराशी रुंद. पातळ वायसर वरच पडतो, बरोबर असेल तो खाली पडतो, जाड असेल तो शेवटपर्यंत जातो. खाली तीन टोपल्या.
कुठून सुचलं? "आमी टोपल्या इनतो ना. कामट्या सारख्या जाडीच्या लागतात. फटीतून वढून बघतो. तेच हाय, दुसरं काय नाय."
शंभर वायसर सोडले, मग गेजवर पडताळले. दोन चुकले. टेबलावर हाताने तपासताना शंभरात साधारण तीन चुकतात.
चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून मला हे सुचलं नव्हतं. नोंद म्हणून लिहिते.

बुध., २२ जाने.
कामट्यांच्या जागी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, खाली फळी, स्क्रू. ड्रॉइंग केलं. वरची फट, खालची फट, दोन आकडे. सकाळी आठला मोजले, ती वेळही ड्रॉइंगवर टाकली. सोमवारपासून चाचणी चालू आहे. नऊ जणींचं काम तिघींत होतंय, तेही घाई न करता.
बाकीच्या सहा जणी रिकाम्या बसल्या होत्या. त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. यमुना, सुमनताईंची धाकटी जाऊ, हिने त्या वस्तूला घसरगुंडी नाव ठेवलं. म्हणाली, आता आमालापन डोळे मिटायला लावा, भोईरदादांसारखे.

शुक्र., २४ जाने.
फॉर्म भरला. शेवटचा रकाना: किती मनुष्यबळ वाचेल. भोईरदादा म्हणाले, तिथे नुसतं 'वेळेची बचत' लिहा आणि सोडून द्या. मी म्हटलं, चाचणीत जे निघालं ते लिहायचं. सहा लिहिलं. खाली सही केली.
सुमनताईंनी एवढंच विचारलं, नाव त्यांचंच जाईल ना. कल्पना निवडली तर कायम करतात, असं त्यांच्या कानावर होतं. त्याबद्दलचं ट्रेनरचं वाक्य मी लिहून घेतलं होतं, ते बघितलं. 'विचार केला जाईल' असं आहे. तसं सांगितलं.
"विचार तर विचार," म्हणाल्या.

सोम., ३ फेब्रु.
पहिला क्रमांक. गेटजवळ छोटा कार्यक्रम. सुमनताईंच्या हातात प्रमाणपत्र, शेजारी साठेसाहेब, कडेला मी. फोटो दुपारीच नोटीस बोर्डावर लागला. साहेब भाषणात म्हणाले की इथे प्रत्येक डोक्याची किंमत आहे.

शनि., ८ फेब्रु.
सुट्टीच्या वेळी ठेकेदाराच्या माणसाने गेटवर सहा नावं वाचली. सोमवारपासून यायचं नाही. यमुनाचं नाव तिसरं.  यमुना सुमनताईंना म्हणाली, "फोटोत आमालापन घ्यायचं व्हतं गो. शेवटचं तरी."
मी साठेसाहेबांकडे गेले. त्यांनी माझाच फॉर्म काढून पुढे ठेवला. सही माझी. आकडा बरोबर. 
भोईरदादा पार्किंगमध्ये भेटले. 'सांगितलं होतं' असं म्हणाले नाहीत. म्हणायला हवं होतं. सापगावपर्यंत गाडी चालवताना डोक्यात तेवढंच.

मंगळ., ११ फेब्रु.
तिघी येतात. एकमेकींशी बोलत नाहीत. टेबल एवढं मोठं आहे हे आत्ता लक्षात आलं. तिघींतली एक हळूच म्हणाली की वाडीत सुमनताई विहिरीवर गेल्या की बाकीच्या कळशी अर्धी ठेवून निघून जातात. यमुना पलीकडच्या खोलीत राहते, मधलं दार लावून घेतलंय.
सुमनताई दुपारच्या जेवणानंतर घसरगुंडीशी वाकून काहीतरी करत होत्या. पुसत असाव्यात. नेहमीचंच.

सोम., १७ फेब्रु.
तिघीही आल्या नाहीत. जीपवाला वाडीपर्यंत यायचा तो नऊ जणी असायच्या म्हणून. तिघींसाठी आत यायला त्याला परवडत नाही. वैशाखऱ्यापर्यंत चालत या म्हणतो. तिथे जीप भरेपर्यंत थांबायचं, तोवर शिफ्ट सुरू होऊन जाते. आठवडाभर त्यांनी ते करून बघितलं. शनिवारी तिसऱ्यांदा उशीर झाला, ठेकेदाराने घरी पाठवलं.
माझ्या फॉर्ममध्ये जीपचा रकाना नव्हता.
ठेकेदाराने मुरबाडमधल्याच तीन मुली दिल्या. साठेसाहेब म्हणाले, वरून सोडायचं आणि खालून उचलायचं, त्याला काय शिकवायचंय.

गुरु., २७ फेब्रु.
कस्टमरकडून लॉट परत. बरोबरच्या टोपलीत जाड वायसर मिसळलेले. दुसरा लॉट वाटेत आहे, तोही परत आला तर ऑर्डर जाते.
सकाळी आठला फट मोजली, बरोबर. दुपारी दोनला परत मोजली. खालची फट सुटून रुंद झालेली. प्रेसच्या हादऱ्याने स्क्रू सैल होतात आणि अ‍ॅल्युमिनियमची कड झिजते. मग जानेवारीत असं का झालं नाही? कारण सुमनताई रोज जेवणानंतर फट परत लावायच्या. माझ्यासमोर. मला वाटायचं पुसतात. कशाच्या मापाने लावायच्या, ते कळत नाही.
ड्रॉइंगवर एकच वेळ आहे, सकाळी आठ. चूक माझी. अजून कुणाला सांगितलेली नाही.

शनि., १ मार्च
साठेसाहेबांनी कंपनीची गाडी देऊन मला वाडीवर पाठवलं. म्हणाले, बाई होत्या तोवर माल बरोबर जायचा, त्यांना घेऊन या.
सुमनताई अंगणात बांबू सोलत होत्या. समोरच्या ओट्यावर यमुना, उठली नाही. निरोप सांगितला. सुमनताईंचा कोयता थांबला नाही.
"येते की. पन नऊ जनी येऊ. तवाच जीप येईल."
मी म्हटलं, हे माझ्या हातात नाही.
"सा जनी काढनं व्हतं ना हातात?"
मी लिहिलं होतं, काढलं नव्हतं. हे वाक्य तोंडापर्यंत आलं. 
यमुनाने आतून पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला आणि परत जाऊन बसली. तेवढ्यात तिने जावेकडे एकदा बघितलं. रागाने नाही. अंदाज घेतल्यासारखं.

सोम., ३ मार्च
साहेबांना अट सांगितली. ते म्हणाले, नऊ कशाला? एक दिवस आणा, तुम्ही शिकून घ्या, लिहून काढा. नऊ जणींचं नंतर बघू.
यमुनाच्या मोबाइलवर फोन केला. निरोप जसाच्या तसा सांगितला, 'नंतर बघू'सकट. यमुनाने तो जावेला ऐकवला. मग सुमनताई: "तुमाला शिकवल्यावर मंग नऊ जनींना कोन इचारतंय?"
तरी बुधवारी येते म्हणाल्या. का, ते मी विचारलं नाही.

बुध., ५ मार्च
आल्या. यमुनाही बरोबर होती, तिला गेटवर थांबवलं.
सुमनताईंनी कनवटीतून दोन वायसर काढले. एक चालेल त्यातला सगळ्यात पातळ, एक चालेल त्यातला सगळ्यात जाड. पातळ वरच्या फटीतून पडता कामा नये, जाड खालच्या फटीतून घासत गेला पाहिजे. नाही गेला तर स्क्रू पाव फेरा इकडे किंवा तिकडे. बस.
दहा मिनिटांत कळलं. उपायही लगेच दिसला: पट्टी कडक पोलादाची, तसे दोन मास्टर वायसर, दर दोन तासांनी तपासणी. अर्ध्या पानात मावेल. कुणीही करू शकेल.
मला कळलंय हे त्यांना कळलं. हात थांबवून माझ्या तोंडाकडे बघत होत्या.
साठेसाहेब आले. "जमलं?"
"नाही," मी म्हटलं. "हाताचं काम आहे. मला कित्येक महिने लागतील."
त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ माझ्याकडे बघितलं. चुकीची नोंद मी आजवर कधी दिलेली नाही, हे त्यांना माहीत आहे. सुमनताईंनी वायसर परत कनवटीला लावले. गेटवर यमुनाने त्यांच्या हातातली पिशवी घेतली. दोघी चालत एसटी स्टँडकडे गेल्या.

शुक्र., ७ मार्च
साहेबांनी बोलावलं. दुसरा लॉट थोपवलाय, आठ दिवस मिळालेत. नऊ जणींना परत घेण्याबद्दल ते ठेकेदाराशी बोलायला तयार आहेत. पण वरच्यांना कारण लागतं. तेव्हा मी लेखी द्यायचं की ही पद्धत कागदावर उतरवता येत नाही, या बायकांशिवाय चालणार नाही.
वर हेही सांगितलं की मंगळवारी पुण्याच्या ऑफिसमधून टूल डिझाइनचे इंजिनिअर येतायत, घसरगुंडी बघायला. ते माझं पत्र वाचूनच खाली येतील.
मला दहा मिनिटं लागली होती. त्यांना पाच.
भोईरदादा दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा चहा ठेवून गेले आणि जाताना म्हणाले, "लिवा, नायतर नका लिवू. पन या वेळीबी माझं ऐकू नका."
पत्र साडेपाचपर्यंत हवंय. आत्ता चार वाजून वीस मिनिटं. तारीख घातली आहे, विषय लिहिला आहे, खाली नऊ नावं लिहिली आहेत. मधलं अजून कोरं आहे.