डाव्या बाजूची गाठ

३ फेब्रुवारी, सोमवार
आंघोळ करताना साबण फिरवला आणि हात थांबला. छातीच्या डाव्या बोंडाखाली गाठ! चिंचोक्याएवढी. दाबली तर दुखते. पुन्हा दाबली. आहेच.

बायकोला, अक्काताईला दाखवली. ती चुलीपुढून हलली नाही. "म्हशीगत दगडी झाली काय तुमास्नी?" आणि हसली. माझा जीव जातोय आणि ही हसते!

मागं म्हशीची कास सुजून घट्ट झाली होती, दगडी झाली होती, तेव्हाच्या मलमाची अर्धी ट्यूब शिल्लक आहे. तीच चोळली.

६ फेब्रुवारी
तीन दिवस चोळतोय. कास दोन दिवसांत मऊ पडली होती. ही तशीच.

दूध संस्थेचे जनावरांचे डॉक्टर म्हशीला सुई द्यायला आले. मी हळूच विचारलं, "हे मलम माणसाला चालतं काय?"
"कुणाला?"
"हाय एक पावणा."
त्यांनी मला वरून खाली बघितलं. "पावण्याला म्हणावं, शर्ट काढ."

गोठ्यातच अंगठ्यानं दाबून बघितलं. मग हात धुतले, नीट, दोनदा. "अप्पा, आता माणसांच्या डॉक्टरकडं जावा. लांबवू नका. पुरुषालाबी हुतोय, छातीचा कॅन्सर."

पुरुषाला! पासष्ट वर्षांत कधी ऐकलं नव्हतं.

८ फेब्रुवारी, शनिवार
नेसरीहून पहिल्या एस्टीनं कोल्हापूर. शाहूपुरीतून लेक शिवलीला बरोबर आली. मोठा दवाखाना. बाकावर सगळ्या बायका. एकजण म्हणाली, "पावणं, बाईमाणसाला बसू द्या की. तुमी भाईर थांबा."
"मीच पेशंट हाय!" फारच मोठ्यानं बोललो. सगळ्यांच्या माना वळल्या. शिवलीला पदर तोंडाला लावून हसत होती.

डॉक्टर तरुण. गाठीत सुई घालून पाणी काढलं, काचेवर पसरलं. दोन मिनिटांत काम खलास. "घाबरू नका आजोबा. रिपोर्ट आला की आम्ही फोन करू."

१० फेब्रुवारी
फोन नाही. चार्जिंग भरपूर आहे. रेंजसाठी खिडकीत ठेवलाय.

१२ फेब्रुवारी
नाही. गाठ मोठी झाल्यासारखी वाटते. अक्काताई म्हणते, "दिवसातनं वीसदा दाबल्यावर दगुडबी सुजंल."

१५ फेब्रुवारी
फोन वाजला! धार अर्धी टाकून पळालो, बादली लवंडली, म्हैस बिथरली. जनावरांचे डॉक्टर! "आठ-दहा दिवसांनी फोन करतो म्हटलं हुतं. म्हैस कशी हाय? कास मऊ हाय न्हवं?"

म्हशीच्या कानात बिल्ला आहे. बिल्ल्याचा नंबर त्यांच्या वहीत आहे. म्हणून तिची चौकशी होते. माझं नाव कुणाच्या वहीत आहे?

१९ फेब्रुवारी
मीच फोन केला. "साहेब राउंडला गेलेत." दुपारी केला. "साहेब घरी गेलेत." संध्याकाळी एक मुलगी म्हणाली, "फोन आला नाही म्हणजे काही नसणार, काका." काही नसणार! तिनं कागद बघितला तरी का?

२३ फेब्रुवारी
जेवण जात नाही. आज अक्काताई भडकली. "फोनला काय नवस बोललाय? जावा आनि तितं बसा. रिपोर्ट हातात घेतल्याबिगर उठायचं न्हाई!"

२५ फेब्रुवारी, मंगळवार
बसलो! खिडकीसमोर, नऊ वाजल्यापासून. आतल्या मुलीचं नाव मोना. तिनं तीनदा सांगितलं, "ते डॉक्टर नोकरी सोडून गेले, काका. नंतर या." मी म्हटलं, "डॉक्टर गेलं. माजी गाठ हितंच हाय." शेवटी वैतागून तिनं ड्रॉवर उपसला. पाकीट निघालं. तारीख अकरा फेब्रुवारी! चौदा दिवस त्या ड्रॉवरात पडून होतं आणि मी खिडकीतल्या फोनकडं बघत होतो.

आत सगळं इंग्रजी. माझी पाचवी, काय वाचणार? कागद तिच्याच पुढं धरला, तशी मोनानंच उठून मला नव्या डॉक्टरबाईंकडं नेलं.

बाईंनी वाचलं. गाठ तपासली. पिशवीतली माझ्या रोजच्या गोळ्यांची पुडकी बघितली. "कॅन्सर नाही."

मी म्हटलं, "पुन्हा म्हणा."

"कॅन्सर नाही, आजोबा. पायाच्या सुजेची ही गोळी घेता ना, तिच्यानं काही पुरुषांना छातीत अशी गाठ येते. मी गोळी बदलते. तीन महिन्यांनी मात्र दाखवायला यायचं." आणि तारीख स्वतःच्या हातानं कागदावर लिहून दिली!

बाहेर आलो तर पाय जमिनीवर नाहीत. मोनाला पेढा, शिवलीलाच्या घरी पेढे, एस्टीत कंडक्टरला पेढा! "पोरगं झालं काय?" म्हणाला. म्हटलं, "मीच नव्यानं झालो!"

घरी अक्काताईनं पेढा घेतला नाही, तसाच वाटीत ठेवला. मग एकेक विचारत बसली. सुई किती दुखते? बघणारी बाईच आहे ना? कापडं सगळी काढायला लावतात काय? मी आनंदात सगळं रंगवून सांगितलं.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र
पूजा झाली आणि अक्काताईनं दार लावून घेतलं. माझा हात धरून पोलक्याच्या आत, उजव्या बाजूला ठेवला. लिंबाएवढी. घट्ट. दाबली तरी दुखत नाही म्हणते.
"दिवाळीच्या आदीपास्नं हाय."
"मला सांगितलं का न्हाईस?"
"तुमी कवा इचारलं?"

दवाखान्याला आज सुट्टी. पहिली एस्टी उद्या सव्वासहाला. अजून सोळा तास.