दिवाळीपासूनची गाठ

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय नीरजास,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक. थंडी ओसरली. विश्वासचा खोकलाही. पुढचं फोनवर सांगता येत नाही. तुझा आवाज आला की ठमी शेपटी हलवत धावत येते.

ठमीचं ऑपरेशन झालं. ती बरी आहे, हे आधी वाच.

जांघेत गाठ होती. गेल्या सोमवारी ठमी ओकायला लागली, म्हणून नोएडाला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांना आधी स्तनाची गाठ वाटली. मग सोनोग्राफी केली. हर्निया होता, गर्भाशयच त्यात उतरलं होतं. कुत्र्यांच्या लहान जातीतल्या, नसबंदी न झालेल्या माद्यांना होतो म्हणे. दुसऱ्या बाजूलाही बारीक भोक निघालं. दोन्ही शिवली, गर्भाशय काढलं.

"कब से है?" त्यांनी तपासताना विचारलं होतं.

"आठ दिन," मी म्हणाले.

दिवाळीपासून होती. सुपारीएवढी, मऊ. दाबली की आत जाई. मला वाटलं, जिरते आहे.

तुझी बदली झाल्यापासून आठ महिने ती इथे आहे. माझ्या मांडीवर एकदाही आली नाही. तुझ्या जुन्या चपलेवर झोपते. पण संध्याकाळी मी गाठ दाबायला बसले की उताणी होऊन निमूट पडे, माझ्याकडे बघत. तेवढा वेळ ती माझी असे. तुला कळवलं असतं तर रजा काढून आली असतीस. विश्वास म्हणालाही, "अगं, सांग तिला. नीरजा बहीण आहे तुझी, सवत नव्हे." तुला नागपूरला क्वार्टर मिळालं, आता तिला नेशील म्हणून तर मी मुद्दाम गप्प बसले. त्या सोमवारी गाठ आत जाईना. तरी मी दुपारपर्यंत दाबत होते.

ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं. इतकी शांत पडायची, असंही सांगितलं. त्या हात धूत होत्या.

"शांत नहीं थी, मैडम. दर्द में थी."

परवा टाके निघतील. मग ये आणि तिला घेऊन जा. तुला दारात बघून ती काय करेल ते मला पाहवणार नाही. येण्याची वेळ विश्वासला कळव, मला नको.

तिला हात लावायला आता धजत नाही ती,
तुझी ताई
प्रभा